आयपॅडवरचा जुना फ्लाइट प्लॅन: ठेवायचा कोणी, किती दिवस?

प्रश्न: काका, मी मूळची सांगलीची. सध्या टेक्सासमध्ये एका छोट्या चार्टर कंपनीत दोन इंजिनांच्या विमानावर सहवैमानिक आहे. फ्लाइट प्लॅन, वजनाचा हिशेब, हवामान, सगळं आयपॅडवर येतं. सुधारित प्लॅन आला की आधीचा दिसेनासा होतो. आमचे कॅप्टन म्हणतात, "रेकॉर्डचं ऑफिस बघेल, आपण विमान उडवायचं." पुढे एअरलाइनमध्ये जायचा विचार आहे. नेमकं काय जपायचं आणि किती दिवस?
– एक सहवैमानिक

उत्तर: कॅप्टन अर्धे बरोबर आहेत. जपून ठेवायची जबाबदारी नियमाने कंपनीवर टाकली आहे. पण विमानातून प्रत मुक्कामाला न्यायची ती कॅप्टननेच.

तुमची चार्टर कंपनी एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामक संस्थेच्या, नियमांतल्या भाग १३५ खाली चालत असणार. तिथे मुख्य कागद म्हणजे लोड मॅनिफेस्ट. प्रवासी किती, भरलेल्या विमानाचं वजन किती, गुरुत्वमध्य कुठे, वैमानिक कोण, हे सगळं त्यात. एकाहून जास्त इंजिनांच्या विमानासाठी तो दोन प्रतींत करायचा, एक विमानात आणि दुसरी कंपनीकडे किमान ३० दिवस. तुझ्या उड्डाणतासांची नोंद मात्र कंपनीला १२ महिने ठेवावी लागते. एफएएकडे फ्लाइट प्लॅन दाखलच केला नसेल, तर विमानाचा ठावठिकाणा लावता येईल एवढी माहिती उड्डाण संपेपर्यंत कंपनीच्या मुख्य कचेरीत किंवा तिने ठरवलेल्या दुसऱ्या ठिकाणी हवी.

एअरलाइनचं, म्हणजे भाग १२१ चं, प्रकरण वेगळं. माझी सगळी नोकरी डिस्पॅचरच्या खुर्चीत, म्हणजे जमिनीवरून उड्डाणांची आखणी करण्यात गेली, तेव्हा इथे थोडा रेंगाळणार. नियमित एअरलाइनच्या उड्डाणांना कलम १२१.६९५ लागू होतं: लोड मॅनिफेस्ट, डिस्पॅच रिलीज (उड्डाणाची लेखी परवानगी) आणि फ्लाइट प्लॅन, तिन्हींच्या प्रती कॅप्टनने मुक्कामापर्यंत न्यायच्या आणि कंपनीने किमान ३ महिने ठेवायच्या. रिलीजवर कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांची सही असते. उड्डाण सुरक्षित होईल असं दोघांनाही वाटलं तरच ती करायची. वाटेत रिलीज बदलला, तर बदलणाऱ्याने त्याची नोंद करायची.

गोची इथेच आहे. पर्यायी विमानतळ बदलला, इंधन वाढवलं, की नवी आवृत्ती येते. अ‍ॅप कौतुकाने ताजी तेवढी दाखवतं. दोन महिन्यांनी तपासनीस विचारतो ते निराळंच: विमान हललं तेव्हा कॅप्टनपुढे कोणती आवृत्ती होती? तेव्हा सहीची आवृत्ती, तिचा क्रमांक आणि यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ गोठवलेल्या रूपात हाती लागायला हवी. ताजा प्लॅन जपून सहीच्या आवृत्तीचं काम भागत नाही.

म्हणून ऑफिसला एवढंच विचार: सहीची प्रत सर्व्हरवर कधी चढते? दारं लागण्याआधी, की रात्री हॉटेलचं वायफाय मिळाल्यावर? दुसरं उत्तर मिळालं तर पाठपुरावा कर, तोंडी नको, ईमेलने. स्क्रीनशॉट स्वतःच्या फोनमध्ये साठवायच्या फंदात मात्र पडू नकोस. तो कंपनीचा दस्तऐवज आहे, आणि पुराव्याला तसाही लंगडा.

अपघात झाला तर ३० दिवस, ३ महिने हे हिशेब विसर. एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात-तपास संस्थेच्या नियमांनुसार उड्डाणाच्या नोंदी ती संस्था ताब्यात घेईपर्यंत किंवा मोकळीक देईपर्यंत जशाच्या तशा राखायच्या असतात. अशा वेळी कोणी "आयपॅड रीसेट करून टाक" म्हणालं तर हात लावू नकोस.

लॉगबुक, म्हणजे वैमानिकाची उड्डाणांची नोंदवही, मात्र तुझं स्वतःचं. तारीख, कुठून कुठे, विमानाचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक, एकूण वेळ, सगळं त्यात हवं. एअरलाइनच्या मुलाखतीत ते पान न् पान चाळतात. डिजिटल ठेवत असशील तर दर महिन्याला पीडीएफ काढून घरच्या ड्राइव्हवर ठेव, कारण नोकरी सोडलीस की कंपनीचं लॉगिन बहुधा त्याच संध्याकाळी बंद होतं.