किपचोगेकडून आधी काय घ्यायचं?

व्हिएन्नात केनियाचा धावपटू एलियुड किपचोगे याने १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलेलं बघून तुला पळावंसं वाटलं आणि तू तीन महिन्यांत मॅरेथॉन पळायचं ठरवलंस, हे फार छान झालं. पण ती २०१९ ची गोष्ट. किपचोगे ५००० मीटरचा विश्वविजेता झाला २००३ मध्ये आणि पहिली मॅरेथॉन पळाला थेट २०१३ मध्ये, हॅम्बुर्गला. मधली दहा वर्षं ट्रॅकवर गेली. तेव्हा तीन महिन्यांत ४२ किलोमीटरचा बेत आत्ता सोड.

सुरुवातीला एवढंच कर:

- हळू पळ. किपचोगे जिथे सराव करतो त्या केनियातल्या काप्तागातच्या कॅम्पमध्येही बरंचसं पळणं सावकाशच असतं. पळताना गप्पा मारता येत नसतील तर वेग जास्त आहे. बहुतेक नवखे इथेच चुकतात, रोज स्वतःशी शर्यत लावतात आणि महिन्याभरात नडगी धरून बसतात.
- वही ठेव. किपचोगे वर्षानुवर्षं स्वतःचा सराव हाताने लिहून ठेवतो.

कार्बन प्लेटचे (तळव्यात कडक पट्टी असलेले) शर्यतीचे बूट, इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळणं) वगैरे नंतर. आणि एखादा आठवडा बुडाला तर खचू नकोस. २०१२ मध्ये त्यालाही ऑलिंपिक संघात जागा मिळाली नव्हती, त्यानंतरच तो मॅरेथॉनकडे वळला. सहा आठवडे झाले की वहीत काय लिहिलंयस ते सांग, मग अंतर वाढवू.