मराठी शब्दकोड्यांत ललित कलांचे शब्द अडतात; कोणते शब्द माहीत करून घ्यावेत?

बाकीचे कोडे सुटते, पण चित्र, शिल्प, संगीत आणि नाटक यांवरची घरे रिकामी राहतात, अशी आपली अडचण आहे. मी ठाण्यात राहतो आणि वर्तमानपत्रातील कोडे नेमाने सोडवतो. माझ्या मते सुरुवात संगीतापासून करावी, कारण रागांची आणि तालांची नावे बहुधा तीन-चार अक्षरांची असतात आणि कोडे रचणाऱ्याला तशीच नावे सोयीची पडतात.

मात्र नुसती नावे पाठ करून भागत नाही. सूचना लक्षणावरून दिलेली असते, म्हणून नावासोबत लक्षणही ठाऊक हवे. ‘पंचम वर्ज्य असलेला राग’ (म्हणजे ज्यात ‘प’ हा स्वर लागत नाही असा राग) अशी सूचना असून घरे तीन असतील, तर मारवा, पूरिया, सोहनी, ललित आणि हिंडोल हे पाचही राग त्यांत बसतात. परंतु प्रत्येकाचे शेवटचे अक्षर वेगळे असल्यामुळे त्या घरातून जाणारा उभा शब्द आधी सोडवावा, म्हणजे निवाडा आपोआप होतो. घरे चार असल्यास मालकंस आठवावा. तालांच्या बाबतीत मात्रा, म्हणजे तालाच्या एका आवर्तनातील मोजणीचे ठोके, लक्षात ठेवाव्यात: दादऱ्याच्या 6, रूपकाच्या 7, झपतालाच्या 10 आणि धमाराच्या 14. रूपक हा अलंकारही असल्याने तेथे सूचना दुहेरी अर्थाची असू शकते.

नाटकाचे नांदी (आरंभीचे मंगलगीत), नेपथ्य, विष्कंभक (मधल्या घटना सांगणारा जोडप्रवेश), भरतवाक्य (शेवटचे आशीर्वचन) हे शब्द जुन्या संगीत नाटकांच्या छापील संहिता चाळल्या तरी सापडतात. विष्कंभकाला घरे चारच लागतात, कारण जोडाक्षर एकाच घरात लिहितात. आपल्या भागातील नाट्यगृहांची नावेही उपयोगी पडतात: ठाण्याच्या रंगायतनाला ज्यांचे नाव आहे ते गडकरी म्हणजे कवी गोविंदाग्रज, आणि वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे त्या विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले.

चित्रकलेत कुंचला की तूलिका, एवढाच घोळ बहुधा होतो; दोन्ही तीन अक्षरीच आहेत. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील वारली चित्रांमुळे लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकोनी चित्रातील, म्हणजे चौकातील, ‘पालघट’ ही देवी आणि ‘तारपा’ हे वाद्य माहीत असावे. ‘मंदिरपथगामिनी’चे शिल्पकार दोन घरांत विचारले, तर उत्तर म्हात्रे, ठाणे-नवी मुंबईत हे आडनाव गल्लोगल्ली असूनही ते चटकन सुचत नाही, याची मला गंमत वाटते.