जुन्या गोव्यात दिवसभर फक्त ‘पुढे चला’ म्हणायचं असतं का?

तुमचा प्रश्न असा आहे : जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला स्वयंसेवकांना नेमकं काय काम देतात, आणि ख्रिस्ती नसलेल्या माणसाने तिथे जावं का?

मी २०२४ च्या सोहळ्यात काम केलं. मूळचा सावंतवाडीचा, घरात कोकणी, शाळा मराठी, नोकरीमुळे म्हापशात. आमच्या चर्चमध्ये मीस (सामुदायिक प्रार्थना) संपल्यावर फादरनी नावं मागितली, मी दिलं. मनात होतं, आत शवपेटीजवळ उभं राहायला मिळेल. मिळाली रांग. तीही उन्हातली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. शव आधी तिथेच पुरलं, मग मलाक्काला नेलं आणि १५५४ मध्ये गोव्यात आणलं. एरवी ते बॉम जेझू बासिलिकात उंचावर, चांदीच्या पेटीत असतं. खालून बघताना पेटीच दिसते, आतलं जवळपास काही नाही. दर दहा वर्षांनी शव खाली उतरवून मिरवणुकीने रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात. या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ तिथे होतं. त्या दीड महिन्यात लोक काचेतून, जवळून दर्शन घेतात. गोव्यात सगळे त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि हे सगळे म्हणजे खरंच सगळे.

आता काम. रांग सरळ ठेवणं, म्हाताऱ्यांना आणि व्हीलचेअरवाल्यांना वेगळ्या वाटेने नेणं, पाणी, हरवलेली पोरं, हरवलेल्या चपला. बसस्टॉप कुठे, संडास कुठे, दिवाडी बेटाची फेरीबोट कुठून सुटते, हे दिवसातून दोनशे वेळा सांगणं. पहिल्याच सकाळी मी खानापूरच्या एका अख्ख्या कुटुंबाला चुकीच्या रांगेत घातलं. तासभर उभे राहून त्यांना कळलं की ती बासिलिकाची रांग होती. त्या कुटुंबातल्या काकांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, नुसतं पाहिलं. त्यानंतर मी कुणालाही रांग दाखवण्याआधी ‘कुठे जायचंय?’ असं दोनदा विचारायला लागलो.

माझा खरा उपयोग मात्र मराठीमुळे झाला. बरोबरची मुलं गोव्यातल्याच साष्टी-बार्देश तालुक्यांतली, कोकणी आणि इंग्रजीत फाडफाड. समोर माणसं बेळगाव, चंदगड, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची. नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या काळात कितीतरी जण चालत येतात, पायाला फोड आलेले, डोक्यावर बोचकं. वेंगुर्ल्याच्या एका आजींनी पिशवीतून नारळ काढून विचारलं, “खंय फोडूचो?” माझा जोडीदार गडबडला. मी म्हटलं, आजी, इथे मेणबत्ती लावतात, नारळ घरी नेऊन फोडा, सायबाला पोचतो. शेवटचं वाक्य मी स्वतःच्या जबाबदारीवर म्हटलं, फादरना विचारलं नव्हतं.

त्याच आजी दर्शन घेऊन बाहेर आल्या आणि थेट माझ्याकडे आल्या. “रे झिला, उजवो हात खंय गेलो?” त्यांनी नीट पाहिलं होतं. तो १६१४ मध्ये रोमला नेला, अजून तिथल्या चर्चमध्ये आहे, असं सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मागून घेवक व्हयो.”

सगळ्यात जड काम होतं ते ‘पुढे चला’ म्हणायचं. दोन दिवस माझी पाळी कॅथेड्रलच्या दाराच्या आत होती. माणूस तीन-चार तास रांगेत उभा राहतो आणि काचेसमोर त्याला मिळतात मोजके क्षण. कुणी नवस बोलायला आलेलं असतं, कुणी फेडायला. एका बाईने पदराच्या गाठीतून बाळाचा फोटो काढला आणि काचेला लावून धरला, हात हलेचना. मागे हजारो लोक. हात धरून तर ओढता येत नाही. एका वयस्क स्वयंसेविकेने मला युक्ती शिकवली : तोंडाने काही म्हणायचं नाही, आपण त्यांच्या बाजूला जाऊन उभं राहायचं आणि हळूहळू स्वतःच पुढे सरकायचं. माणूस आपसूक बरोबर येतो. दहातल्या नऊ वेळा चाललं. दहाव्या वेळी मी ‘पुढे चला’ म्हटलं आणि दिवसभर ते मनाला लागून राहिलं.

ख्रिस्ती नसलात तर? आमच्या पाळीत पर्वरीचे दोघे हिंदू कॉलेजकुमार होते, शेजाऱ्याबरोबर आले होते. त्यांना कुणी क्रॉसची खूण करायला लावली नाही की प्रार्थना म्हणायला. मात्र मीस चालू असताना गडबड चालत नाही, आणि अर्ध्या चड्डीत आत गेलात तर तुम्हीच ओशाळाल. श्रद्धा हवीच असं नाही, पाय मात्र हवेत. आठ तास उभं राहायचं असतं.

पुढचं शवप्रदर्शन रीतीप्रमाणे २०३४ मध्ये येईल. तेवढं थांबायचं नसेल तर दर वर्षी ३ डिसेंबरला सायबाचं फेस्त (सण) असतं, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. गर्दी तेव्हाही भरपूर असते आणि माणसं लागतातच. ओळखीच्या ख्रिस्ती मित्राला सांगून त्याच्या चर्चच्या फादरना आधीच भेटा, ऐनवेळी ओल्ड गोव्यात उगवून ‘मला काम द्या’ म्हटलंत तर कुणाला वेळ नसतो. जुने, मऊ बूट घाला, नवे नकोत. डबा घरून न्या. परतताना फेस्तातल्या दुकानांतून खाजें घ्या, पण आधी एक तुकडा चाखून; कधीकधी ते आदल्या दिवसाचं असतं.