सरकारने जुगारावर नियंत्रण ठेवावं, की सरळ बंदी घालावी?

माझं मत नियंत्रणाच्या बाजूने, पण सरकारच्या सचोटीवर भाबडा विश्वास आहे म्हणून नव्हे.

आपल्याकडे मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे. तरी मटका याच मुंबईत वाढला. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लावण्यापासून सुरुवात झाली, पुढे गिरणगावात चाळीचाळीतून पगाराचे पैसे त्यात गेले. बंदीमुळे आकडा थांबला नाही. फक्त हप्ता कोणाला द्यायचा ते ठरलं! आणि बुकीने पैसे बुडवले तर तक्रार करायची सोयच नाही, कारण मुळात आपणच गुन्हा केलेला.

शिवाय सरकार स्वतः कुठे सोवळं आहे? महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे, महालक्ष्मीला घोड्यांवर पैसे लावता येतात. राज्याने कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये केला, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. शेजारी गोव्यात मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत. तिथे गोमंतकीयांना खेळायला बंदी, बाहेरच्यांनी मात्र खुशाल हरावं. हा दुटप्पीपणा म्हणा, पण निदान तिथे परवाना आहे, कर आहे, दार कोणाला बंद ते ठरलेलं आहे.

मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांवर मात्र संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये सरसकट बंदी आणली. तिथे मी जरा डळमळतो. मटक्याला निदान टपरीपर्यंत चालत जावं लागायचं, हा जुगार रात्री दोन वाजता उशाशीच असतो.