पॉलिमर मिसळल्यावर एसडीएसच्या द्रावणाचा पृष्ठताण आधी घसरतो आणि मध्येच पुन्हा चढतो, असं का?

आकडे असे वरखाली झाल्यावर उपकरणावर शंका येते, पण ते बिघडलेलं नाही, हे आधी सांगून टाकतो. एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणासारखा पदार्थ: त्याच्या रेणूला पाण्यात रमणारं डोकं आणि पाणी टाळणारी शेपटी असते) आणि पॉलिडॅडमॅक (धनभारित पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू) एकत्र केले की तुम्ही लिहिलाय तसाच आलेख येतो. एसडीएसच्या अगदी थोड्या मात्रेत पृष्ठताण घसरतो, मग एकदम उसळी मारतो आणि मात्रा वाढवत गेलं की परत खाली येतो.

आधी घसरण बघू. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. एकटं एसडीएस तो चाळिशीच्या खाली आणतं, पण त्यासाठी त्याची मात्रा 8 मिलिमोलरच्या आसपास न्यावी लागते. एकट्या पॉलिडॅडमॅकला पृष्ठभागाचं काहीच आकर्षण नाही. तो धनभारांनी भरलेला आणि पाण्यात सुखी. मात्र एसडीएसचं ऋणभारित डोकं त्याच्या साखळीला चिकटलं की दोघांजवळ अडकून पडलेले सोडियम आणि क्लोराइड आयन मोकळे सुटतात. त्यातून एन्ट्रॉपी (कणांची मोकळीक, अव्यवस्था) वाढते, आणि ही जोडी जमण्यामागे तिचा वाटा फार मोठा आहे. आता साखळीवर एसडीएसच्या पाण्याला नकोशा शेपट्या लटकतात आणि साखळी व एसडीएस यांचं हे अख्खं संकुल पृष्ठभागाकडे धावतं. तिथे डोक्यांमधलं अपाकर्षण साखळीच्या धनभारामुळे दबलेलं असल्याने एसडीएसचे रेणू दाटीवाटीने बसू शकतात. म्हणून एवढ्याशा मात्रेत एवढा परिणाम.

खरी गंमत उसळीत आहे. पृष्ठभागावर चाललंय तेच खाली द्रावणातही चालू असतं. साखळीवरचा भार एसडीएसने पुरता फेडला की संकुलांना एकमेकांपासून दूर ठेवणारं काही उरत नाही. ती गोळा होतात, द्रावण गढूळ होतं आणि यथावकाश तळाशी साका बसतो. पृष्ठताण कमी करणारा माल असा साक्यात गेला की वर शिल्लक फारसं काही राहत नाही, आणि आकडा चढतो. पूर्वी याचं स्पष्टीकरण पृष्ठभाग आणि द्रावण यांच्यातल्या समतोलातून दिलं जायचं. मला ते अपुरं वाटतं. ताज्या नमुन्यात उसळी दिसली नाही तरी तोच नमुना काही दिवस स्थिर ठेवल्यावर ती दिसू शकते, आणि साका हलकेच ढवळला तर पृष्ठताण पुन्हा उतरू शकतो. म्हणून द्रावणं कोणत्या क्रमाने मिसळली आणि मोजण्याआधी किती वेळ ठेवली, हे वहीत लिहिलं नसेल तर दोन आलेखांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आणखी एसडीएस घातलं की मोकळं एसडीएसच पृष्ठभाग व्यापायला पुरतं. साखळी तिथे असो वा नसो, आलेख निव्वळ एसडीएसच्या आलेखाला जाऊन मिळतो.

पॉलिइथिलीन ऑक्साइडसारखा भार नसलेला पॉलिमर घेतलात तर ही उसळी येणार नाही. तिथे आलेखाला दोन वळणं पडतात. पहिल्या वळणापासून एसडीएस साखळीवर छोटे पुंजके करून बसायला लागतं, आणि साखळ्या भरल्या की दुसऱ्या वळणाशी नेहमीचे मायसेल (शेपट्या आत, डोकी बाहेर असे एसडीएसचे मोकळे पुंजके) तयार होतात. मधल्या टप्प्यात नवं एसडीएस मुख्यतः साखळीवर जातं, त्यामुळे पृष्ठताण फारसा हलत नाही.

एक मात्र आहे: पृष्ठभागावर नेमकं कोण बसलंय, हे नुसता पृष्ठताण सांगत नाही. त्यासाठी न्यूट्रॉन परावर्तन वापरतात, म्हणजे पृष्ठभागावरून परतणारे न्यूट्रॉन मोजतात. साध्या पाण्यात घनफळाने सुमारे 8 टक्के जड पाणी (ज्यात हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार ड्युटेरियम असतो) मिसळलं की ते मिश्रण न्यूट्रॉनला हवेसारखंच भासतं. मग एसडीएसमधल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातला की जो संकेत येतो तो जवळपास फक्त त्या काही नॅनोमीटर जाडीच्या थराचा. पॉलिमर आणि सर्फॅक्टंट (पृष्ठताण कमी करणारा पदार्थ, इथे एसडीएस) वेगवेगळे मोजता येतात ते यामुळेच.

तुमच्या मोजणीत दोन गोष्टी तपासा. निव्वळ एसडीएसच्या आलेखात 8 मिलिमोलरच्या जवळ खड्डा दिसत असेल, तर तो बहुतेक डोडेकॅनॉलच्या अशुद्धीचा आहे. एसडीएसचं हळूहळू जलअपघटन होऊन ते तयार होतं, त्यामुळे द्रावण ताजंच वापरा. दुसरं, पृष्ठताण मोजण्यासाठी द्रावणाला टेकवतात त्या प्लॅटिनमच्या पट्टीवर संकुल चिकटलं तर पट्टी नीट भिजत नाही आणि आकडा खोटा येतो. दर मोजणीआधी ती ज्योतीत लाल करून घ्या, आणि तरीही शंका वाटली तर लोंबत्या थेंबाच्या पद्धतीने (थेंबाच्या आकारावरून पृष्ठताण काढून) एकदा पडताळून बघा.