मुक्त केलेला, सुटलेला आणि स्वतंत्र

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी काळ्या वक्त्यांची १८६५ आणि त्यानंतरची भाषणं मराठीत आणत आहेत. इंग्रजीतल्या इमॅन्सिपेशन, फ्रीडम आणि लिबर्टी या तिन्ही शब्दांना त्यांनी 'स्वातंत्र्य' लिहिलं आणि तिसऱ्याच पानावर वाक्य तयार झालं, 'गुलामांना स्वातंत्र्य मिळालं, पण त्यांना अजून स्वातंत्र्य मिळालेलं नव्हतं.' आता काय करायचं? आणि 'फ्रीडमन'ला, म्हणजे गुलामगिरीतून मुक्त केलेल्या माणसाला, 'विमुक्त' म्हटलं तर चालेल का?

वाक्य वाचून हसू आलं, पण ते चुकलेलं नाही. या वक्त्यांतले एक, स्वतः गुलामगिरीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस, यांना मराठी येत असती तर त्यांनी या वाक्याला मानच डोलावली असती. अडचण एवढीच की दोन वेगळ्या गोष्टींवर एकच पाटी लावल्यामुळे वाचकाला तो छपाईतला घोळ वाटेल.

मराठीत या दोन पाट्या वेगळ्या आहेत, आणि आपण त्या नकळत नीट वापरतो. १५ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन, पण १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि १९ डिसेंबर हा गोवा मुक्तिदिन. 'गोवा स्वातंत्र्यदिन' असं पणजीतही कोणी म्हणत नाही. मुक्ती म्हटली की लगेच पंचमी हवी होते: कशापासून? निजामापासून, पोर्तुगिजांपासून, कर्जापासून, संसारापासून. 'स्वातंत्र्य'लाही पंचमी जोडता येते, पण त्या शब्दाचं तिच्यावाचून अडत नाही. त्याला उलट 'कशाचं?' असं विचारतात: विचारांचं, लिहिण्याचं, काम निवडण्याचं. एक शब्द मागे पाहतो, दुसरा पुढे.

इमॅन्सिपेशन हा मागे पाहणारा शब्द आहे. लॅटिनमध्ये त्याच्या पोटात 'हात' आहे आणि 'धरणं' आहे. रोमन कायद्यात बापाच्या ताब्यातल्या मुलाला त्या ताब्यातून मोकळं करण्याच्या विधीचं हे नाव. म्हणजे पकड ज्याची, पकड सोडायचीही त्यानंच. म्हणून इमॅन्सिपेशनला 'मुक्ती' आणि फ्रीडम, लिबर्टी या दोघांना 'स्वातंत्र्य', एवढं केलंत तरी तुमची निम्मी पानं सरळ होतील. फ्रीडम आणि लिबर्टी यांत फरक दाखवायचा हट्ट या भाषणांत तरी करू नका, वक्त्यांनी स्वतः तो केलेला नाही.

पण खरी गंमत क्रियापदांत आहे. मराठीत सुटणं, सोडणं आणि सोडवणं ही तीन भावंडं आहेत आणि डग्लस यांच्या आयुष्यात तिन्ही लागतात. १८३८ मध्ये ते मेरीलँडमधून पळून गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत गेले, तेव्हा ते 'सुटले'. कायद्यानं मात्र गुलामच राहिले, कारण मालकानं 'सोडलेलं' नव्हतं. १८४६ मध्ये ब्रिटनमधल्या स्नेह्यांनी मालकाला पैसे भरून त्यांना 'सोडवलं', आणि मग मुक्तिपत्र झालं. एक मालक एका माणसाला सोडतो त्याला इंग्रजीत मॅन्युमिशन असा आणखी वेगळा शब्द आहे (त्यातही पुन्हा हात आहेच). त्याला 'मुक्तिपत्र देणं' पुरेल. १ जानेवारी १८६३ ची लिंकन यांची घोषणा ही सामुदायिक मुक्ती, आणि गुलामगिरीची पद्धतच कायद्यानं संपवणं हे ॲबॉलिशन. त्यासाठी डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीला राज्यांची मंजुरी पुरी व्हावी लागली.

आता शाळेतलं व्याकरण काढू. 'लिंकन यांनी गुलामांना मुक्त केलं.' भावे प्रयोग. कर्ता लिंकन, आणि गुलाम हे कर्म. पाणिनीचं सूत्र आहे, 'स्वतन्त्रः कर्ता'. क्रियेत जो स्वतंत्र असतो तो कर्ता. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैयाकरणाला अमेरिकेच्या यादवी युद्धात ओढणं जरा अति होतंय हे कबूल, पण या भाषणांचा गाभा इतक्या नेमकेपणानं दुसऱ्या कशात पकडता येत नाही. मुक्तीच्या वाक्यात माणूस कर्माच्या जागी बसतो, आणि हे वक्ते कर्त्याची जागा मागत होते. मागत होते म्हणणंही अपुरं आहे. उत्तरेच्या सैन्यात तोवर सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढलेले होते, त्यांतले पुष्कळसे मळ्यांवरून स्वतःच सुटून आलेले.

जानेवारी १८६५, बॉस्टन. मॅसॅच्युसेट्सच्या गुलामगिरीविरोधी संस्थेपुढे डग्लस यांचं भाषण झालं, 'काळ्या माणसाला काय हवं आहे'. (इथं 'कृष्णवर्णीय' नको. त्यांनी सरळ 'काळा' म्हटलं आहे, तुम्हीही म्हणा.) त्यात ते सांगतात की जो तो विचारतो, 'निग्रोचं आपण काय करायचं?' आणि माझं पहिल्यापासून एकच उत्तर आहे, 'आमचं काहीएक करू नका!' तुमच्या कच्च्या खर्ड्यात 'आमच्यासाठी काही करू नका' असं आहे, ते बदला. डग्लस मदत नाकारत नाहीत. वाक्यातलं कर्म व्हायला नाकारत आहेत. 'या पोराचं काय करायचं?' असं आपण घरात म्हणतो तेव्हा पोर समोर उभं असूनही त्याला विचारलेलं नसतं. तो 'चं' इथं हवाच.

याच भाषणात स्वातंत्र्याची त्यांनी केलेली व्याख्या आहे: स्वतःचं काम स्वतः निवडण्याचा हक्क. माणसानं केव्हा, कुठं, कोणतं आणि किती मोबदल्यात काम करायचं हे दुसरे कोणी ठरवू लागले, की त्यांनी त्याला व्यवहारात गुलामच केलं. रोख होता उत्तरेच्या सैन्यातले जनरल बँक्स यांच्या लुईझियानातल्या मजुरी-धोरणावर, जिथं घोषणेनंतरही मजुरानं कुठं राबायचं हे लष्करी अंमल ठरवत होता. त्या व्यवस्थेत मजुराला जे मिळे त्याला मराठीत 'मोकळीक' हा अचूक शब्द आहे. मोकळीक कोणीतरी देतं आणि वाटेल तेव्हा काढून घेतं.

मताचा हक्क नसेल तर काळ्या माणसाचं स्वातंत्र्य ही निव्वळ थट्टा आहे, असंही ते तिथं म्हणतात. तो एका धन्याचा गुलाम उरला नाही तरी समाजाचा गुलाम असतोच. इथं 'मालक' न घालता 'धनी' घाला. मालक वस्तूचा असतो. धनी हुकूम सोडतो, आणि समाजाच्या तोंडी हुकूमच असतात. 'हक्क' की 'अधिकार' याचं उत्तरही इथंच देतो: हक्क. अधिकार तहसीलदारालाही असतात.

त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कला गुलामगिरीविरोधी चळवळीचे गोरे नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांनी मांडलं की गुलामगिरी गेली, आता आपली अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था विसर्जित करू. डग्लस यांनी विरोध केला. काळ्या माणसाच्या हाती मतपत्रिका येत नाही तोवर गुलामगिरी संपलेली नाही, असं ते म्हणाले. आणि पुढचं तर शब्दांशी खेळणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावं असं आहे: या गोष्टीला आजवर पुष्कळ नावं मिळाली आहेत, ती आणखी एक नाव घेईल, हा जुना साप कोणत्या नव्या कातडीत बाहेर येतो ते थांबून पाहू या. फार थांबावं लागलं नाही. त्या वर्षअखेरीपासून मिसिसिपी, साउथ कॅरोलायना वगैरे राज्यांनी 'ब्लॅक कोड' नावाचे कायदे केले, ज्यांत हाताला काम नसलेल्या काळ्या माणसाला भटक्या ठरवून दंड करायचा आणि दंड भरता आला नाही तर मजुरीला जुंपायचं, अशी सोय होती.

आता 'फ्रीडमन'. हा शब्द फ्रीमनपेक्षा वेगळा. फ्रीमन म्हणजे स्वतंत्र माणूस, फ्रीडमन म्हणजे गुलाम होता आणि मुक्त केला गेला तो. बेडी काढली, पण बेडीचा वळ नावात ठेवला. 'विमुक्त' हा शब्द तुम्हाला सुचला त्याचं मला मनापासून कौतुक वाटलं, कारण घडण हुबेहूब तीच आहे. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला आणि त्या 'विमुक्त' झाल्या. शिक्का गेला, पण तो होता ही आठवण नावात राहिली. पण नेमकं याच कारणासाठी भाषांतरात हा शब्द वापरू नका. 'विमुक्त' वाचलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भटके-विमुक्त येतात, आणि यायलाही हवेत. दुसऱ्या कोणासाठी तो उसना घेणं बरं नव्हे.

त्याऐवजी 'दास्यमुक्त' घ्या. हा मी आज पाडलेला शब्द नाही म्हणा, किंवा अर्धाच पाडलेला म्हणा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, तेव्हा त्यांनी गुलामांना 'दास्यत्वापासून मुक्त' करणं हेच शब्द वापरले होते. पंचमीसकट! पुण्यात बसून, आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा या इच्छेनं लिहिताना मुक्त करणाऱ्यांचं कौतुक पुढे येणं स्वाभाविक होतं. तुमचे वक्ते त्याच घटनेकडे दुसऱ्या टोकाकडून पाहत होते, एवढं तळटीपेत सांगितलंत तर बरं.

एक धोका आहे. 'मुक्ती'ला मराठीत मोक्षाचा वास आहे. 'हेचि दान' मागताना तुकोबा जी नको म्हणतात ती हीच. डग्लस यांच्या कोरड्या, वकिली वाक्यांत हा वास खटकेल, तिथं क्रियापदच वापरा: मुक्त झाले, मुक्त केले. पण हेन्री हायलंड गार्नेट यांच्याकडे तो चालेल, शोभेलही. ते स्वतः लहानपणी आईवडिलांबरोबर मेरीलँडमधून सुटलेले, पुढे धर्मोपदेशक झालेले. १२ फेब्रुवारी १८६५ च्या रविवारी त्यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात प्रवचन दिलं. तिथं बोलणारे ते पहिले काळे वक्ते. बारा दिवसांपूर्वी त्याच सभागृहानं तेरावी दुरुस्ती मंजूर केली होती. प्रवचनाचा आधार बायबलमधलं ते वचन, दुसऱ्यांच्या खांद्यावर जड ओझी बांधून स्वतः बोटही न लावणाऱ्यांविषयीचं. सुधारकांच्या मागण्या संपणार तरी कधी, या प्रश्नाला उत्तर देत ते आज्ञार्थांवर येतात: मुक्त करा, मताधिकार द्या, शिकवा. इंग्रजीत तिन्ही क्रियापदं एकाच अक्षरानं सुरू होतात, ते मराठीत येणार नाही, सोडून द्या. मात्र मताधिकार देण्याचं जे इंग्रजी क्रियापद आहे त्याचाही मूळ अर्थ 'मोकळं करणं' असाच होता. गार्नेट एकच गोष्ट दोनदा मागत होते आणि दोन्ही वेळा ती निराळी होती.

त्यांच्या वाक्यात हे सारं 'प्रत्येक अमेरिकन नागरिका'साठी आहे, आणि १८६५ मध्ये तो शब्द तसा उच्चारणं धाडसाचं होतं. ड्रेड स्कॉट खटल्यात १८५७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं होतं की आफ्रिकन वंशाचा माणूस, तो गुलाम नसला तरीही, अमेरिकेचा नागरिक नाही. ते खोडायला १८६८ ची चौदावी दुरुस्ती यावी लागली. मराठीत 'नागरिक' फार झिजला आहे. पाणी आलं नाही की 'नागरिकांचे हाल', कुत्री मोकाट सुटली की 'नागरिक त्रस्त'. तरी दुसरा शब्द नाही. फक्त भाववाचक 'नागरिकत्व' लिहा, तुमच्या खर्ड्यातलं 'नागरिकता' हिंदीतून आलंय.

गुलामगिरीत जन्मलेल्या सोजर्नर ट्रुथ यांचं १८६७ चं भाषण तुम्ही घेतलंच आहे. गुलामगिरी काही अंशी नष्ट झाली आहे, मला ती मुळासकट आणि फांद्यांसकट गेलेली हवी, असं त्या म्हणतात. काळ्या पुरुषांच्या हक्कांवर एवढी चर्चा, बायकांबद्दल अवाक्षर नाही, ही त्यांची तक्रार. इथं 'निर्मूलन' आयतं मिळतंय म्हणून मोह होईल, पण त्या लिहिता-वाचता न येणाऱ्या, शेताशिवाराच्या भाषेत बोलणाऱ्या होत्या. 'मुळासकट उपटा' ठेवा.

शेवटी कवयित्री आणि वक्त्या फ्रान्सिस हार्पर, मे १८६६, न्यूयॉर्कची स्त्रीहक्क परिषद. या बाल्टिमोरला जन्मतः स्वतंत्र, म्हणजे त्यांना दास्यमुक्तही म्हणता येत नाही. नवरा कर्ज ठेवून वारला आणि त्यांच्या हातची दुधाची भांडी, धुण्याची टबं सुद्धा उचलून नेली गेली. मागे राहिला एक आरसा, असं त्यांनी सांगितलं. गोऱ्या बायकांना त्या म्हणाल्या, तुम्ही इथं हक्कांबद्दल बोलता, मी अन्यायांबद्दल बोलते. इंग्रजीत हक्क आणि अन्याय ही रोजच्या वापरातली विरुद्धार्थी जोडी आहे, आणि ती मराठीत हरवणार, असं तुम्ही लिहिलंय. दोन दिवस मलाही तसंच वाटत होतं. मग आठवलं, हक्कच्या उलट आपल्याकडे 'नाहक' आहे की! आज आपण तो 'उगाच'च्या अर्थानं वापरतो, पण मूळ अर्थ अन्यायानं, हक्क नसताना, असाच. 'तुम्ही इथं हक्काचं बोलता, मी नाहक सोसलेलं बोलते.' बघा बसतंय का.