माझीच पारख कच्ची आहे, मुलांना आत्मिक पारख कशी शिकवू?

प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण माझीही सुरुवात इथूनच झाली. आत्मिक पारख म्हणजे कुठली शिकवण, कुठला विचार देवाच्या वचनाला धरून आहे आणि कुठला नाही, हे ओळखणं. मी काही पाळक, म्हणजे चर्चची पास्टर, नाही. बेळगावात राहते, माहेर खानापूर तालुक्यातलं, आणि काही वर्षं संडे स्कूल घेते. तेवढ्यावरून सांगते.

लहानपणी पावसाळ्यात आज्जीबरोबर भात भांगलायला जायचे. भातात एक गवत उगवतं, कोवळं असताना हुबेहूब भातच. मी उपटलं की हमखास भाताचं रोप हातात! शेवटी आज्जीनं दोन रोपं शेजारी धरली, पान खोडापासून जरा मागं ओढलं आणि सांध्यावर बोट ठेवलं. भाताला तिथं पातळ पांढुरकी जीभ असते, बाजूला बारीक केसाळ कान. गवताचा सांधा कोरा. "बघ की गं नीट," म्हणाली. पण ती स्वतः कधी सांधा बघत बसायची नाही. हात थेट गवतावर जायचा, कारण जन्मभर भातच हाताखालून गेलेलं.

बायबलात इब्री 5:14 मध्ये प्रौढ माणसांबद्दल हेच म्हटलंय, की चांगलं-वाईट ओळखायचा सराव त्यांना वहिवाटीनं झालेला असतो. वहिवाट हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको, बांधावरच्या वाटेवरून निम्मी भांडणं त्याच शब्दावर चालतात. रोज चालून पडलेली वाट. तेव्हा खोट्या शिकवणींच्या याद्या पाठ करण्यापेक्षा शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची चार पुस्तकं, सलग वाचा, पुन्हा पुन्हा वाचा. सुटं वचन समोर आलं की त्याच्या मागचं-पुढचं वाचायची सवय लावून घ्या. बिरुया गावच्या लोकांनी तर प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळून पाहिलं (प्रेषितांची कृत्ये 17:11), आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच झालंय.

मुलांबरोबर हे सहज होतं. यिर्मया 29:11 आपल्या घराघरांत कॅलेंडरवर असतं, देवाचे संकल्प हिताचे आहेत म्हणून. वर्गात मी मुलांना दहावं वचन वाचायला लावलं. त्यात बाबेलला सत्तर वर्षं भरायची गोष्ट आहे. हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं, आणि ते पत्र बाबेलच्या बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं. एका मुलानं बोटांवर हिशोब केला आणि म्हणाला, "म्हणजे टीचर, पत्र ऐकणारे बरेचजण त्याआधीच मरणार की!" मी अर्धा तास बोलून जे झालं नसतं ते त्या पोरानं एका वाक्यात केलं. तरी वचन खोटं ठरत नाही, फक्त 'पुढच्या महिन्यात नोकरी लागेल' असा त्याचा अर्थ होत नाही.

आता माझी चूक. शेजारच्या काकूंकडे गणपती असतो. मुलगी सात वर्षांची असताना मोदक पुढं आला आणि मी नुसतं म्हटलं, "आपण खात नाही." का, ते सांगितलंच नाही. पुढच्या वर्षी तिच्या दप्तरात कागदात गुंडाळून चेपलेला मोदक सापडला. पारख नाही, लपवायला शिकवलं होतं मी. मग आम्ही दोघी 1 करिंथ 10 घेऊन बसलो. कुणी जेवायला बोलावलं तर चौकशा न करता खा, पण हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असं पौल म्हणतो. तिनं खूप प्रश्न विचारले, दोन-तीनांना माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्या घरांचं याबाबत एकमत नाही, त्यामुळे आमचा निर्णय तुमच्यावर लादत नाही. काकूंना मुलीनं स्वतःच जाऊन सांगितलं. तेव्हापासून नैवेद्याचं ताट वेगळं आणि आमच्या मुलीचा डबा वेगळा. काकूंना राग येईल ही भीती माझीच होती.

एक मात्र सांभाळा. पारख शिकलेल्या मुलांना माणसांवर शिक्के मारायची फार हौस येते, 'ते खोटे ख्रिस्ती' वगैरे. मोठ्यांनाही येते म्हणा. मत्तय 13 मधल्या निदणाच्या, म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाच्या, दाखल्यात चाकर उपटायला निघतात, तर मालक त्यांना कापणीपर्यंत थांबवतो, गहूही उपटला जाईल म्हणून. आज्जीला हे पटलं नसतं, पण दाखला शेतीचा नाही, माणसांचा आहे. पारखायची ती शिकवण, आलेला विचार, कानावर पडलेला निरोप.

परवाची गोष्ट. मोबाईलवर मेसेज आला: येशूचं चित्र, खाली 'अकरा जणांना पाठवा, नाहीतर वाईट बातमी येईल.' मी मंडळीच्या ग्रुपवर टाकणारच होते. मुलगी खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "मम्मी, येशू असा धमकी कुठं देतो?"

मी बोट मागं घेतलं.